स्वतःच्याच खटल्यातला न्यायाधीश

चीनचा कम्युनिस्ट पक्ष दरवर्षी 1 जुलैला आपला वाढदिवस साजरा करतो. त्या दिवशी पक्षाचा जन्म झालेला नव्हता. शांघायच्या फ्रेंच वसाहतीतल्या एका घरात पक्षाची पहिली परिषद भरली ती 23 जुलै 1921 रोजी. पोलिसांना सुगावा लागल्यावर प्रतिनिधींनी तिथून काढता पाय घेतला आणि शेवटची बैठक जियाशिंगच्या तळ्यात एका नावेवर उरकली. पुढे 1938 मध्ये, येनानच्या डोंगराळ मुलखात पक्षाचे ठाणे असताना, वर्धापनदिन साजरा करायचे घाटत होते. तिथे असलेल्या मूळ प्रतिनिधींना, म्हणजे माओ आणि डोंग बीवू यांना, महिना आठवत होता, तारीख आठवेना. म्हणून महिन्याची पहिली तारीख ठरली. नंतर मॉस्कोत कॉमिन्टर्न या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेच्या दप्तरातून कागद निघाले, खरी तारीख कळली, चिनी इतिहासकारांनी ती छापलीही. वाढदिवस मात्र 1 जुलैलाच राहिला.

यात लपवाछपवी काही नाही, आणि मला रस आहे तो नेमका इथेच. हुकूमशाही पक्ष इतिहासाबद्दल खोटे बोलतात असे म्हणून आपण मोकळे होतो. चिनी पक्षाचे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे आहे. तिथे खरे काय हे बऱ्याचदा ठाऊक असते, काही वेळा छापलेलेही असते. प्रश्न असतो तो निवाड्याचा: कोणत्या घटनेला किती वजन द्यायचे, दोष कोणाच्या खात्यावर टाकायचा, आणि विषय कधी बंद झाला असे मानायचे. हा निवाडा पक्षाने स्वतःकडे ठेवला आहे आणि तो दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये यासाठी जिवाचे रान केले आहे.

पहिल्या परिषदेला हजर असलेल्या तेरा जणांचे पुढे काय झाले ते पाहिले, की ही गरज कशी निर्माण झाली ते कळते. चेन गोंगबो आणि झोऊ फोहाई जपान्यांच्या कळसूत्री सरकारात मोठ्या पदांवर गेले. महायुद्धानंतर एकाला गोळी घातली गेली, दुसरा तुरुंगात मेला. झांग ग्वोताओ माओशी भांडून 1938 मध्ये शत्रुपक्षाला, म्हणजे चँग कै-शेकच्या राष्ट्रवादी पक्षाला, मिळाला आणि शेवटी कॅनडात वारला. काही लढताना मारले गेले, काहींनी वाट सोडली. 1 ऑक्टोबर 1949 रोजी तिआनआनमेनच्या सज्जात प्रजासत्ताकाची घोषणा झाली तेव्हा त्या तेरांपैकी तिथे दोघेच उभे होते: माओ आणि डोंग बीवू. संस्थापकच इतके विखुरलेले असताना ‘आमचा पक्ष पहिल्यापासून एकाच योग्य वाटेने चालत आला’ असे म्हणायचे, तर ती वाट मागाहून आखावी लागते.

लोकशाहीतले पक्षही स्वतःचा इतिहास सोयीने सांगतात, आपण उगाच शेखी मिरवू नये. आणीबाणीबद्दल काँग्रेस काय बोलते आणि आणीबाणीत आपण काय केले याबद्दल बाकीचे पक्ष काय सांगतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आपला तो बाब्या हा न्याय सर्व पक्षांना लागू आहे. पण 1977 च्या मार्चमध्ये मतदारांनी निकाल दिला होता, त्यात पंतप्रधान स्वतः पडल्या, मागोमाग शहा आयोग बसला. त्यानंतर त्या पक्षाने स्वतःबद्दल काय वाटून घ्यावे ही त्याची घरगुती बाब झाली. जिथे मतपेटी नाही आणि पक्षाच्या वरचे न्यायालयही नाही, तिथे चुकीची जबाबदारी ठरवण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे पक्षाने मंजूर केलेला इतिहास. एकपक्षीय राज्यात निवडणुकीचे काम इतिहासाला करावे लागते असे माझे म्हणणे आहे. सत्ता कोणाची आणि का, हे तोच सांगतो. म्हणूनच तो इतिहासकारांच्या हाती सोपवणे पक्षाला परवडत नाही.

सुरुवातीला हे निकाल मॉस्कोहून येत. 1927 मध्ये चँग कै-शेकने शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल केली. त्याच्याशी जुळवून घेण्याचे धोरण स्टालिनचे होते, पण खापर फुटले सरचिटणीस चेन दूशिऊ यांच्या डोक्यावर. पक्षाचा हा संस्थापक दोन वर्षांनी पक्षातून हाकलला गेला. त्या वेळी कॉमिन्टर्नतर्फे चीनमध्ये आपले मानवेंद्रनाथ रॉय होते. स्टालिनची गुप्त तार त्यांनी राष्ट्रवादी पक्षाच्या डाव्या गटाचा नेता वांग जिंगवेई याला दाखवली आणि उरलीसुरली युतीही मोडली. 1929 मध्ये कॉमिन्टर्नने रॉयनाही बाहेर काढले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारख्या मराठी विचारवंतांना जे रॉय भावले, ते पक्ष नावाच्या यंत्रणेवरचाच विश्वास उडालेले रॉय होते. त्या अविश्वासाच्या मुळाशी चीनचा अनुभव किती होता, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

माओने हा न्यायाधिकार मॉस्कोकडून काढून घेतला. स्टालिनच्या देखरेखीखाली 1938 मध्ये सोव्हिएत पक्षाचा ‘संक्षिप्त इतिहास’ निघाला होता आणि येनानमध्ये तो पाठ्यपुस्तकासारखा अभ्यासला जात होता. त्यातले तंत्र माओने अचूक हेरले: पक्षाचा इतिहास म्हणजे योग्य मार्ग आणि त्याला फुटलेल्या चुकीच्या वाटा यांची झुंज, आणि योग्य मार्ग कोणाचा हे शेवटच्या प्रकरणात कळते. 1942 पासून येनानमध्ये ‘शुद्धीकरण’ मोहीम चालली. कार्यकर्त्यांना आत्मचरित्रे लिहायला लावली, पुन्हा लिहायला लावली, आधीच्या आणि नंतरच्या मजकुरातली तफावत पुरावा म्हणून वापरली. वांग शीवेई नावाच्या लेखकाने नेत्यांना मिळणाऱ्या वेगळ्या जेवणावर आणि कपड्यांवर लिहिले. तो पकडला गेला आणि 1947 मध्ये मारला गेला. या सगळ्यानंतर 20 एप्रिल 1945 रोजी केंद्रीय समितीने पक्षाच्या इतिहासावरचा पहिला ठराव संमत केला. 1935 पूर्वीचे ‘डावे’ भरकटणे चूक, माओची वाट बरोबर, हा त्याचा सारांश. ज्याच्यावर मुख्य ठपका होता त्या वांग मिंगने स्वतः पत्र लिहून ठराव मान्य केला. अकरा वर्षांनी तो मॉस्कोला गेला, परतला नाही, आणि मरेपर्यंत माओविरुद्ध लिहीत राहिला.

पण या गोष्टीचा गाभा आहे 1981 चा दुसरा ठराव.

माओ 9 सप्टेंबर 1976 रोजी गेला तेव्हा मागे काय उरले होते? 1957 मध्ये साडेपाच लाखांवर माणसांच्या कपाळी ‘उजवे’ असा शिक्का बसला होता. 1958 च्या ‘मोठ्या झेपे’नंतरच्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली, अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. त्या धोरणावर लुशानच्या बैठकीत बोट ठेवणारे संरक्षणमंत्री पेंग देहुआई पदावरून गेले आणि पुढे कोठडीत मेले. सांस्कृतिक क्रांतीत राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांना केंद्रीय समितीने गद्दार ठरवून पक्षातून काढले. सभागृहातले हात एकसाथ वर गेले. चेन शाओमिन या एका स्त्री सदस्याने तेवढा आपला हात वर केला नाही. वर्षभराने काइफेंगमध्ये लिऊ औषधोपचाराविना मेले आणि त्यांचे दहन दुसऱ्याच नावाने झाले. 1980 च्या फेब्रुवारीत केंद्रीय समितीनेच लिऊंवरचे सर्व आरोप खोटे होते असा ठराव केला. आरोप ठेवणारी समिती, ते खोटे ठरवणारीही समितीच.

असे ओझे घेऊन डेंग शियाओपिंग सत्तेवर आले. त्यांच्यापुढे सोव्हिएत अनुभव होता. 1956 मध्ये ख्रुश्चेव्हने बंद दाराआड स्टालिनचे वाभाडे काढले आणि त्याच वर्षी हंगेरी पेटली. शिवाय सोव्हिएत पक्षाला स्टालिन टाकून देता येत होता, कारण मागे लेनिन होता. चीनमध्ये लेनिन आणि स्टालिन एकच. माओ गेला तर 1949 जाते, आणि 1949 गेले तर डेंग कोण? ऑगस्ट 1980 मध्ये इटालियन पत्रकार ओरियाना फलाची हिला डेंगनी सांगून टाकले, की तिआनआनमेनवरचे माओचे चित्र तिथेच राहणार. ठरावाचा मसुदा हू छियाओमूंच्या देखरेखीखाली तयार होत होता. ऑक्टोबरमध्ये तो सुमारे चार हजार वरिष्ठ कार्यकर्त्यांपुढे ठेवला गेला आणि तिथे माओवर आग पाखडली गेली. बोलणारे बहुतेक जण स्वतः तुरुंगात किंवा श्रमछावण्यांत वर्षे काढून आलेले होते.

तोडगा काढला चेन युन या जुन्या, हिशोबी नेत्याने. ठराव 1949 नंतरच्या काळाचा असला तरी त्याआधीच्या अठ्ठावीस वर्षांचे प्रकरण सुरुवातीला जोडा, असे त्यांनी सुचवले. तसे केले की माओच्या कर्तृत्वाचे पारडे आपोआप जड होते. नापास होऊ घातलेल्या मुलाच्या गुणपत्रिकेत मागच्या इयत्तांचे गुण मिळवावेत, तसे हे. 27 जून 1981 रोजी ठराव संमत झाला. सांस्कृतिक क्रांती ही प्रजासत्ताकाच्या स्थापनेपासूनची सर्वांत मोठी हानी, तिची मुख्य जबाबदारी माओची, पण त्याचे कार्य आधी आणि चुका नंतर, असा निकाल लागला. ‘माओ विचार’ मात्र शाबूत ठेवले, कारण ते एका माणसाचे नसून पक्षाच्या सामूहिक शहाणपणाचे सार आहे असे ठरले. माओ चुकला तेव्हा तो ‘माओ विचारा’च्या विरुद्ध वागत होता! ही युक्ती पाहून हसू येते, पण त्यामागची कारागिरी नाकारता येत नाही.

मी या ठरावाला केवळ ढोंग म्हणणार नाही. सत्तेवरच्या कम्युनिस्ट पक्षाने आपल्या संस्थापकावर उघड, छापील ठपका ठेवण्याची उदाहरणे फार थोडी आहेत. ख्रुश्चेव्हचे भाषण सोव्हिएत वाचकांना छापील स्वरूपात मिळायला 1989 उजाडावे लागले. डेंगचा ठराव लगेच वर्तमानपत्रांत आला. व्यक्तिपूजा नको, नेतृत्व सामूहिक असावे, पदे तहहयात नसावीत, हे त्यातून आले. 1982 च्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षाला दोन मुदतींची मर्यादा घातली. पुढची तीस वर्षे ज्या चीनने जगाला चकित केले, तो याच ठरावाच्या पायावर उभा राहिला.

पण न्यायाधीश कोण होता ते पाहा. 1957 ची ‘उजव्यां’विरुद्धची मोहीम राबवणारे सरचिटणीस खुद्द डेंग होते. ठराव त्या मोहिमेबद्दल म्हणतो, की ती मुळात योग्य आणि आवश्यकच होती, फक्त तिची व्याप्ती नको तेवढी वाढली. शिक्का बसलेल्या साडेपाच लाखांपैकी जवळपास सर्वांचा शिक्का पुसला गेला; शंभराच्या आत माणसांचा तसाच ठेवला. का? सगळेच निर्दोष ठरले असते तर मोहीमच चूक ठरली असती. मोहीम ‘मुळात योग्य’ राहावी म्हणून मूठभर माणसे, त्यांतली काही तोवर मेलेली, कायमची दोषी राहिली. दुष्काळाबद्दल ठरावात देशाचे आणि जनतेचे गंभीर नुकसान झाले एवढेच येते; मृतांचा आकडा नाही. ‘मोठ्या झेपे’च्या वेळी डेंग आणि त्यांचे सहकारी वरच्याच पायऱ्यांवर होते. ज्या गुन्ह्यात न्यायाधीश स्वतः बळी होता, तिथे निकाल कडक लागला. जिथे त्याचा स्वतःचाच हात होता, तिथे भाषा मऊ झाली.

हा दोष मला फार मोठा वाटतो, आणि तो निव्वळ नैतिक नाही. न्यायालयाचा निकाल पुढच्या न्यायाधीशालाही बांधून ठेवतो. पक्षाचा निकाल पुढच्या नेत्याला बांधत नाही, कारण तो ज्या अधिकाराने दिला गेला तोच अधिकार आता या नेत्याकडे असतो. 1989 मध्ये सरचिटणीस झाओ झियांग यांनी तिआनआनमेन चौकातल्या आंदोलक विद्यार्थ्यांवर सैन्य घालायला नकार दिला आणि ते आयुष्यभरासाठी नजरकैदेत गेले. सैन्य घालण्याचा निर्णय घेणारे डेंग तेव्हा पॉलिटब्यूरोच्या स्थायी समितीत नव्हते. त्यांच्याकडे होते ते केंद्रीय लष्करी आयोगाचे अध्यक्षपद. सामूहिक नेतृत्वाचा ठराव लिहून घेणाऱ्यानेच तो आठ वर्षांत गुंडाळला.

मग सोव्हिएत संघ कोसळला, आणि बीजिंगने त्यातून जो धडा घेतला तो आजही तिथले धोरण ठरवतो. गोर्बाचेव्हच्या काळात इतिहासाची दारे उघडली तेव्हा शाळेची पुस्तके इतकी निरुपयोगी ठरली, की 1988 मध्ये इतिहासाची अंतिम परीक्षाच रद्द करावी लागली. 1989 च्या डिसेंबरात हिटलर-स्टालिन कराराचे गुप्त परिशिष्ट मॉस्कोने मान्य केले. बाल्टिक देशांचे सोव्हिएत संघात असणे ज्या कागदावर टेकले होते तोच फाटला. एप्रिल 1990 मध्ये कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांना गोळ्या घालणारे आपणच होतो, ही कबुली आली. पुढच्या वर्षी ते राज्य संपले. इतिहास सुटला की राज्य सुटते, असे बीजिंगने यातून काढले. हे अगदीच निराधार नाही. बाल्टिक देशांपुरते तर ते खरेच आहे. पण रिकामी दुकाने, अफगाणिस्तान, चेर्नोबिल आणि राष्ट्रीयतांचे जुने प्रश्न बाजूला ठेवून सगळे खापर इतिहासकारांवर फोडणे सोयीचे आहे. सत्तर वर्षे दाबून ठेवले म्हणून ते एकदम फुटले, ही शक्यता त्या विश्लेषणात कोणी फारशी धरत नाही.

शी जिनपिंग हे त्या धड्याचे सर्वांत निष्ठावंत विद्यार्थी. त्यांचे घरच या विषयाने होरपळलेले आहे. त्यांचे वडील शी चोंगशून उपपंतप्रधान होते. 1962 मध्ये, वायव्य चीनमधले क्रांतिकारक लिऊ झीदान यांच्यावरच्या एका कादंबरीतून पक्षाचा इतिहास फिरवण्याचा कट केल्याच्या आरोपावरून ते पदच्युत झाले आणि सोळा वर्षे तशीच गेली. मुलगा पंधराव्या वर्षी शान्शीतल्या लियांगजियाह गावी गुहेवजा घरात राहायला गेला. अशा मुलाने मोठेपणी इतिहास मोकळा करावा, असे आपल्याला वाटेल. त्याने उलटे केले. वडिलांची चूक झाली नव्हती, पण इतिहासावर पकड कोणाची याने माणसाचे आयुष्य ठरते, हे तो घरातच शिकला होता.

सत्तेवर आल्याबरोबर 2013 च्या जानेवारीत त्यांनी नियम घालून दिला: 1978 नंतरच्या काळाने आधीचा काळ नाकारायचा नाही, आधीच्या काळानेही नंतरचा नाकारायचा नाही. त्याच वर्षी ‘दस्तऐवज क्रमांक 9’ या अंतर्गत परिपत्रकात ‘ऐतिहासिक शून्यवाद’, म्हणजे पक्षाने मंजूर केलेला इतिहास नाकारणे, हा धोका म्हणून नोंदला गेला. ‘यानहुआंग छुनछिऊ’ या मासिकात निवृत्त कार्यकर्ते 1991 पासून पक्षाच्या इतिहासातली अडचणीची पाने उलगडत होते. 2016 मध्ये त्याचे संपादक मंडळ बदलून ते ताब्यात घेतले गेले. लिहिणारे बंडखोर नव्हते, पक्षात केस पांढरे झालेले लोक होते.

त्याच वर्षीचा एक खटला सांगण्यासारखा आहे. हबेई प्रांतातल्या लांगया डोंगरावर 1941 मध्ये पाच सैनिकांनी जपान्यांना झुंज दिली आणि शेवटी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा चिनी मुले शाळेत वाचत आली. हाँग झेनकुआई या लेखकाने तपशिलांतल्या विसंगती दाखवल्या. दोन वीरांच्या मुलांनी दावा लावला आणि न्यायालयाने लेखकाला जाहीर माफी मागायला सांगितले. 2018 मध्ये वीर आणि हुतात्म्यांच्या संरक्षणाचा कायदा आला, 2021 मध्ये त्यांची बदनामी हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला. सुरुवातीच्याच शिक्षांमधली एक आपल्याशी संबंधित आहे: गलवानमध्ये चीनने जाहीर केलेल्या चार मृतांच्या आकड्यावर शंका घेणाऱ्या एका ब्लॉगरला आठ महिन्यांची कैद झाली.

लांगया डोंगर कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या ज्या प्रदेशात होता, त्याच प्रदेशात तेव्हा सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जखमींवर शस्त्रक्रिया करत होते. 1942 च्या जुलैत ते चिनी पक्षाचे सभासद झाले आणि डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. व्ही. शांतारामांच्या 1946 च्या चित्रपटाने ते आपल्याकडे घरोघरी पोचले, पण आपल्या आठवणीत ते सेवाभावी डॉक्टर आहेत. पक्षसभासद कोटणीस आपण फारसे उच्चारत नाही. तिकडे ते मैत्रीचे प्रतीक झाले आहेत आणि दिल्ली-बीजिंग संबंधांच्या हवामानानुसार बाहेर काढले जातात. म्हणजे निवड आपणही करतो. फरक एवढाच, की इथे कोणी उद्या कोटणीसांवर पूर्ण वेगळे पुस्तक लिहिले तर त्याला न्यायालयात माफी मागावी लागत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. चीनमध्ये चाळीस वर्षांत सुमारे ऐंशी कोटी माणसे दारिद्र्यातून वर आली. 1921 मध्ये जेमतेम पन्नास सभासद असलेल्या पक्षाचे आज दहा कोटींवर सभासद आहेत. ज्याच्या हाती असे प्रगतिपुस्तक आहे, त्याची सत्ता इतिहासावर कशाला टेकलेली असेल? लोक भाकरीकडे बघतात, 1957 कडे नाही. मला हे अर्धेच पटते. भरभराट ही दरवर्षी नव्याने सिद्ध करावी लागणारी गोष्ट आहे, आणि घरांचे भाव पडतात, पदवीधरांना नोकऱ्या मिळत नाहीत, तेव्हा ती पुरत नाही. पक्षालाही ते कळते. नाहीतर पीक चांगले असताना राखणदार वाढवायचे कारण नव्हते.

राखण आता एका माणसाच्या हाती आली आहे. 11 मार्च 2018 रोजी राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीची मर्यादा घटनेतून गेली: बाजूने 2,958, विरुद्ध 2. नोव्हेंबर 2021 मध्ये तिसरा ऐतिहासिक ठराव आला. पहिल्या दोन्ही ठरावांत पक्ष आपल्या चुकांशी झगडत होता, निदान मागच्या नेत्यांच्या चुकांशी. तिसऱ्यात झगडायला काही नाही. निम्म्याहून अधिक मजकूर 2012 नंतरच्या यशांचा आहे, आणि 1981 चा निकाल रद्द न करता त्यावरून घाईघाईने पुढे जाणे आहे. पुढच्या वर्षी शी यांची तिसरी मुदत सुरू झाली, वारस कोणी पुढे आला नाही. कोणत्याही स्वरूपाच्या व्यक्तिपूजेला मनाई करणारे कलम 1982 मध्ये पक्षाच्या घटनेत आले होते. ते अजून तिथे आहे. 2017 पासून त्याच घटनेत शी जिनपिंग यांचा विचारही त्यांच्या नावानिशी आहे. या दोन कलमांमध्ये विसंगती आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आज ज्या एका कार्यालयाकडे आहे, तिथे सरचिटणीस म्हणून तेच बसतात. ते पायउतार होतील किंवा जातील तेव्हा चौथा ठराव कोण लिहील याबद्दल पक्षात लेखी नियम नाही. 1976 मध्येही नव्हता.